खालच्या तीन रांगा

सोमवार, तोडणीचा पहिला आठवडा

भावजी,

पत्र पाहून दचकू नका. आई ठणठणीत आहेत, घर जागेवर आहे, कोणी आजारी नाही. तुम्ही उत्तर द्यावं अशी अपेक्षाही नाही. कळवायला हवं म्हणून कळवते आहे, इतकंच.

तोडणी सुरू झाली. शेजारच्या मळ्यांच्या बरीच आधी, नेहमीप्रमाणे. शेजारी कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "बाई, द्राक्षं अजून कच्ची आहेत. एवढी घाई कसली?" मी म्हटलं, "तुमची पिकू द्या, आमची आंबटच हवीत." फेसाळ वाइनला आंबटपणा लागतो आणि साखरेचं आपण मागाहून बघतो, हे त्याला माहीत नाही असं नाही. त्याला दरवर्षी विचारायला काहीतरी लागतं. पूर्वी उत्तर तुम्ही द्यायचात आणि तो हसत परत जायचा. माझ्या उत्तराने तो हसत नाही.

घड सबंध तोडतो, देठासकट, ऊन चढायच्या आत. क्रेट उथळ ठेवलेत. गेल्या वर्षी खोल क्रेटमध्ये खालचे मणी फुटले होते आणि रस तिथेच आंबायला लागला होता. तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत. मी ऐकलं होतं, फक्त तसं म्हटलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या दादांनी जाण्याआधी ज्या बाटल्या भरल्या, त्या रुंद खांद्यांच्या, ज्यांना तुम्ही 'पहिलवान' म्हणायचात, त्या अजून तळघरात आडव्या पडून आहेत. आतल्या यीस्टचं काम केव्हाच संपलं. फेस तयार झाला, यीस्ट मरून तळाशी बसलं, आणि त्या गाळावर वाइनने जितकं मुरायचं तितकं मुरून झालं. आता बाटली फिरवत फिरवत उलटी करून गाळ मानेत उतरवायचा आणि काढून टाकायचा. हे काम आता यंत्र करतं. पण पहिलवान यंत्राच्या पिंजऱ्यात बसत नाहीत. खांदे अडकतात.

हो, यंत्र घेण्याआधी मी मोजायला हवं होतं. "दादांच्या बाटल्या ह्यात मावतील का?" असं तुम्ही त्या दिवशी विचारलं असतंत, तर मोजलं असतं. तुम्ही म्हणालात, "घरात एक तर हे राहील नाही तर मी." मी म्हटलं, "हे निदान वेळेवर येतं." मग तुम्ही बॅग भरलीत. ते इथे उगाळत बसत नाही.

तर तुमच्या जुन्या घोड्या, त्या भोकांच्या तिरक्या फळ्या, बाहेर काढल्या. ओलाव्याने फळ्या फुगल्या होत्या, भोकं कानसून घेतली. आता प्रत्येक भोकात एक मान खोचलेली आहे. रोज आठवा हिस्सा फिरवायची आणि हळूहळू उभी करत न्यायची. प्रत्येक बाटलीच्या बुडावर चुन्याची रेघ मारली आहे, म्हणजे काल कुठे होती ते आज दिसतं.

गाळ काढणारा ट्रक थंडी ओसरताना येतो, वर्षातून एकदाच. तोवर गाळ उतरायला हवा. अर्धवट हललेला गाळ तसाच ठेवला तर काचेला धरून बसतो आणि मग निघत नाही. मग बाटल्या उघडून टाकीत ओताव्या लागतील. फेस गेला की उरेल ती आंबट वाइन, आणि तुमच्या दादांच्या हातचं दुसरं काही शिल्लक नाही.

आई रोज विचारतात, धाकटा कधी येणार. मी त्यांना काहीतरी सांगून गप्प केलं आहे. काय सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही.

वहिनी


गुरुवार, प्रेस धुऊन झाल्यावर

भावजी,

तोडणी संपली. उत्तर आलं नाही ते बरंच झालं, मला वाचायला वेळ नव्हता.

रस चांगला आहे. पहिल्या दाबाचा वेगळ्या टाकीत घेतला, दुसऱ्याचा वेगळ्या. त्यानंतरचा कडवट असतो, तो विकून टाकला. प्रेसवर आपला गडी होता, उंट. त्याचं हे नाव तुम्ही ठेवलंत, आणि आता त्याची बायकोसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारते, हे लक्षात असू द्या. मी म्हणत होते, "हळू, अजून हळू." तो म्हणाला, "बाई, याहून हळू केलं तर रस पुढच्या वर्षी येईल." तुमच्या तालमीत तयार झालेला माणूस, दुसरं काय बोलणार.

टाक्या आता बुडबुडताहेत. तिकडे एकट्याने जायचं नाही, दार उघडं ठेवल्याशिवाय वाकायचं नाही, ही पाटी मी नव्याने रंगवून घेतली.

घोड्यांचं असं ठरवलं आहे की वरच्या तीन रांगा मी फिरवते आणि खालच्या तीन उंट. माझे गुडघे वाकत नाहीत. तोही ताडमाड, त्याला वाकणं आवडतं असं नाही, पण त्याचे गुडघे माझ्यापेक्षा तरुण आहेत. तुम्ही डाव्या हाताने डावीकडे फिरवायचात, आम्ही उजवीकडे फिरवतो. गाळाला डावं-उजवं कळत नाही, हे मी तुम्हाला या घरात आले त्याच वर्षी सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा मला 'मास्तरीणबाई' म्हणालात आणि दादा जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले होते.

वरच्या रांगांत गाळ सुटायला लागला आहे. विजेरी मागे धरली की बारीक धुरासारखा खाली सरकताना दिसतो.

खालच्या रांगा मागे आहेत. होईल.

वहिनी


मंगळवार, चव घेण्याचा दिवस

भावजी,

आज पेले मांडून बसले. पहिलं आंबणं संपलं आहे. आता कुठल्या टाकीतलं किती घ्यायचं ते ठरवायचं. पूर्वी या टेबलाशी तिघं असायचो. तुमचे दादा चव घ्यायचे आणि गप्प बसायचे, तुम्ही चव घ्यायचात आणि गप्प बसायचा नाहीत, मी लिहून घ्यायचे. आज मीच चव घेतली, मीच लिहून घेतलं, आणि गप्प बसायचं की बोलायचं हा प्रश्नच नव्हता.

एवढ्यात आई आल्या आणि विचारलं नसताना एक पेला उचलून प्यायल्या. म्हणाल्या, "दात आंबले गं." मी म्हटलं, "आंबायलाच हवेत, आई." त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे. पण माझे सगळे आपले नाहीत, तेवढं लक्षात ठेव." कवळीबद्दल इतक्या सहजपणे बोलणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

मिश्रण ठरलं. बहुतेक बरं झालं आहे. तीन वर्षांनी कळेल.

आता एक तांत्रिक प्रश्न विचारते. सोबत पत्ता लिहिलेलं कार्ड जोडलं आहे, दोन ओळी खरडायला हरकत नाही.

वरच्या तीन रांगांत गाळ मानेच्या अर्ध्यावर आला आहे. खालच्या तीन रांगांत बाटल्या तशाच गढूळ. वाइन तीच, बाटली तीच, यीस्ट तेच, भरली एकाच आठवड्यात. फरक फक्त उंचीचा. मी दोन थर्मामीटर लावले, एक वर, एक जमिनीलगत. खाली थोडं गार आहे. माझा अंदाज असा की गारव्यात गाळ सावकाश सुटतो. म्हणून खालच्या बाजूला पोती लावून घेतली. फरक पडला नाही. आणखी एक, बुडावरच्या रेघा. वरच्या रांगांत रोज पुढे सरकतात. खालच्या रांगांत सकाळी पाहावं तर कालच्याच जागी.

तुमच्या वेळी असं कधी झालं होतं का? एवढंच कळवा. बाकी काही लिहायचं नसेल तर लिहू नका.

वहिनी


शनिवार, कार्ड आल्यावर

भावजी,

तुमचं कार्ड मिळालं. "खालच्या रांगांना गारवा नाही, आळस लागलाय. उंटाला वाकायचा कंटाळा." एवढ्या ओळीसाठी एवढे दिवस घेतलेत.

पण मला ते पटलं. रेघ जागची हलत नाही म्हणजे बाटली फिरत नाही. मी उगाच थर्मामीटर लावत बसले. तेवढ्यात घोड्यांमागे एक तिपाई सापडली, वर पोत्याची घडी. म्हटलं, हा वाकत तर नाहीच, वर गादी घालून बसतो.

त्याला बोलावलं.

"खालच्या रांगा फिरवल्या का?"

"फिरवल्या."

"मग रेघ कालच्या जागी कशी?"

"बाई, मी फिरवल्या."

"बाटल्या आपणहून मागे येतात का?"

"ते तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा."

"आणि ही तिपाई?"

"माझी नाही."

"मग काय बाटल्यांची आहे?"

मी तुमचं कार्ड त्याच्यापुढे धरलं. ते वाचून त्याचा चेहरा उतरला. माझ्या शब्दांनी उतरला नव्हता, तुमच्या ओळीने उतरला. म्हणाला, "त्यांनी असं लिहिलं? त्यांनी?" मग एप्रन काढला, नीट घडी घातली, यंत्रावर ठेवला. म्हणाला, "मी उंच आहे, बाई. खोटा नाही." आणि गेला.

मी त्याला थांबवलं नाही. काम चुकवलेलं मला चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. खालच्या रांगा आता मी स्वतः करणार. गुडघ्यांचं बघू. तिपाई तर आयती आहे.

आईंना कळल्यावर त्या दोन घास कमी जेवल्या. "चांगला माणूस होता," म्हणाल्या. मी म्हटलं, "होता." विषय संपवला.

वहिनी


बुधवार, नवीन बाटल्या भरताना

भावजी,

हे पत्र घाईत लिहिते आहे. यंदाची वाइन बाटल्यांत भरतो आहोत. साखर आणि यीस्ट घातलं, पत्र्याची बुचं मारली, आता तळघरात आडव्या रचायच्या. दोन मजूर बाहेरून आणलेत. ते बाटल्या विटा रचाव्यात तशा रचतात. मी सांगितलं, "फुटली तर काच डोळ्यात जाईल, जाळीचा मुखवटा लावा." एक म्हणाला, "नुसता रस तर आहे." मी म्हटलं, "आज रस आहे. काही आठवड्यांनी ट्रकच्या टायरमध्ये नसेल एवढा दाब आत असेल." मग लावला. उंट असता तर हे सांगावं लागलं नसतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

उंट गेल्यापासून खालच्या रांगा मी फिरवते. तिपाईवर बसते, एकेक मान धरते, हलकासा झटका, आठवा हिस्सा उजवीकडे. सगळ्या रेघा पुढे गेल्याची खात्री करून उठते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर रेघा मागे.

पहिल्या दिवशी वाटलं, माझीच चूक. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोनदा पाहिलं. तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्या हातांनी फिरवलेल्या बाटल्या मागे येताहेत.

म्हणजे उंट खरं बोलत होता. हे वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं आहे.

कोणीतरी तळघरात येतं. कुलूप नाही, कधीच नव्हतं. मजूर संध्याकाळी जातात. दुपारी मी वर प्रयोगशाळेत असते आणि आई झोपलेल्या असतात. उद्या बुचं आणायला बाजारात जाते असं सगळ्यांना सांगणार आहे, आणि जाणार नाही.

वहिनी


शुक्रवार

भावजी,

तुमच्या आई होत्या.

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही. बाजारात जाते असं सांगून मी मागच्या दाराने तळघरात गेले आणि यंत्राच्या मागे उभी राहिले. जेवणं आवरून घर शांत झाल्यावर उतारावरून काठीचा आवाज आला. पिंपं सरकवायचा तो उतार, जिथून मीसुद्धा भिंतीला धरून जाते. एका हातात काठी, काखेत पोत्याची घडी. तिपाई ओढली, घडी टाकली, बसल्या, काठी घोडीला टेकवली आणि डाव्या हाताने कामाला लागल्या. बसून जेवढा हात पोचतो तेवढ्या रांगा. खालच्या तीन.

मी पुढे झाले. दचकल्या नाहीत.

"इतक्यात आलीस? बाजार बंद होता का?"

"आई, तुम्ही इथे काय करताय?"

"दिसत नाही का? चष्म्याचा नंबर बघून घे."

"ह्या मी सकाळी फिरवल्या आहेत."

"हो ना. पण तू उजवीकडे फिरवतेस. ह्या घोड्या डावीकडच्या. म्हणून मी आधी ते सरळ करते, मग पुढे न्यायचं असतं. पण तेवढं जमत नाही, एका दिवसात एकदाच फिरवून होतं. हात दुखतो."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? तुझे सासरे आणि मी, आम्ही दोघंच होतो तेव्हा. पोरं झाली नव्हती. ते वरच्या करायचे, मी खालच्या. धाकट्याचा हात माझ्यावर गेला, डावरा."

"आणि रोज येता? या उतारावरून? पडला असतात म्हणजे?"

"पडले तर नाही ना?" मग माझ्याकडे न बघता पुढची मान धरली आणि म्हणाल्या, "तूच म्हणालीस की हा गाळ उतरला की तो येतो. तू एकटी किती करशील? म्हटलं, दोघींनी हात लावला तर लवकर उतरेल."

भावजी, हेच मी त्यांना तोडणीच्या आधी सांगितलं होतं. रोज विचारायच्या. एका सकाळी मी कामात होते, तोंडाला आलं ते बोलले, "गाळ उतरला की येतील." त्या गप्प झाल्या. मला वाटलं, बरं झालं.

मी यंत्रावर बसले. यंत्रावर बसू नये अशी पाटी मीच लावलेली आहे.

काय झालं ते तुम्हाला समजावून सांगायला नको. सकाळी उजवीकडे, दुपारी डावीकडे. बाटली होती तिथेच, आणि वर दिवसातून दोनदा झटका. गाळाला बसायला उसंतच मिळाली नाही. मी गारवा मोजत होते, तुम्ही आळस मोजलात, आणि ज्याला वाकायचा कंटाळा असं आपण दोघांनी ठरवलं तो रोज वाकत होता.

आईंना मी हे सांगितलेलं नाही. त्यांच्यामुळे गाळ अडला असं त्यांना वाटता कामा नये. मी एवढंच म्हटलं, "आई, एका घोडीला एकच हात बरा. खालच्या तीन रांगा आजपासून तुमच्या. मी हात लावणार नाही."

"आणि तुझ्या गुडघ्यांना आराम," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हणणार होते."

उताराला मी कठडा बसवून घेते आहे. दुपारी त्यांच्याबरोबर मी खाली जाते आणि त्यांच्या समोर बसून काहीतरी करत असल्याचं दाखवते.

वहिनी


रविवार

भावजी,

आज उंटाकडे गेले होते. तुम्हाला कळवायला हवं, कारण त्यात निम्मा वाटा तुमचा आहे.

दार त्याच्या बायकोने उघडलं. म्हणाली, "आहेत, पण रागावलेत."

मी म्हटलं, "मी त्यांची माफी मागायला आले आहे."

"मग आत या. आणि जमलं तर माझीही मागा. कामावर नाहीत तेव्हापासून घरातल्या सगळ्या बरण्या एका रेषेत लावून ठेवल्यात, मला काही सापडत नाही."

तो खिडकीची चौकट बसवत होता. शिडीशिवाय. मी उभ्या उभ्याच सांगितलं. आईंचं, तिपाईचं, रेघांचं. चूक माझी होती, पुरावा नसताना मी त्याला खोटं ठरवलं, असं म्हटलं. हातोडी खाली ठेवून त्याने सगळं ऐकलं. शेवटी म्हणाला, "आजी त्या उतारावरून येत होत्या?"

"हो."

"रोज?"

"हो."

"आणि गादीवर बसणारा तो मी, असं तुम्ही समजलात." मग तो हसायला लागला. त्याची बायकोही. मला हसू आलं नाही, पण बसायला दिलं तेव्हा बसले.

"लेखी द्याल का, बाई?" त्याने विचारलं.

"देते."

"राहू द्या. उद्यापासून येतो. वरच्या रांगा मी करेन, तुम्ही आजींकडे बघा."

तुमच्या कार्डाबद्दल मी काही बोलले नाही. त्यानेही विचारलं नाही. पण दाराशी पोचवायला आला तेव्हा म्हणाला, "त्यांचं काय, ते चेष्टेत लिहितात. चेष्टा लांबून नीट ऐकू येत नाही." हे त्याचे शब्द, जसेच्या तसे. त्यावर तुम्हाला काय करायचं ते तुम्ही बघा.

वहिनी


सोमवार, ट्रक गेल्यावर

भावजी,

हे शेवटचं पत्र, किंवा कसं ते तुमच्यावर.

ट्रक येऊन गेला. माना गोठवणाऱ्या पाण्यात उलट्या बुडवतात, गाळाचा बर्फाचा खडा होतो, बूच उघडलं की आतल्या दाबाने तो खडा बंदुकीसारखा बाहेर. मग कमी पडलेली वाइन भरायची, तिच्यातच शेवटची साखर, आणि खरं बूच, तार. ट्रकवाल्याने विचारलं, "साखर किती, बाई?" हे तुमच्या दादांनी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. ते ठरवायचे ते शेवटी, चव घेऊन. मी एक बाटली उघडली आणि चव घेतली.

चांगली आहे, भावजी. हे मी पुन्हा लिहिणार नाही, म्हणून नीट वाचा. फार चांगली आहे. बुडबुडे बारीक, एका रेषेत वर येणारे. वास आधी हिरव्या सफरचंदाचा आणि मग, पेला थोडा वेळ तसाच ठेवला की, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाचा. आंबटपणा जागच्या जागी. मी साखर ठरवली. किती ते तुम्हाला सांगणार नाही.

वरच्या तीन रांगा ट्रकवर गेल्या. उंटाने एकेक स्वतः चढवली.

खालच्या तीन रांगाही उतरल्या. एकच हात लागायला लागल्यावर, उशिरा का होईना, पण अगदी स्वच्छ. आईंनी शेवटच्या आठवड्यात प्रत्येक बाटली विजेरीपुढे धरून घेतली, उंट धरायचा आणि त्या बघायच्या. "बघ, काच आहे की हवा," असं त्याला म्हणत होत्या. ट्रकवाला म्हणाला, "ह्याही घेऊ का?" मी म्हटलं, "नको."

त्या मी तळघराच्या कोपऱ्यात उलट्या उभ्या करून ठेवल्या आहेत, एकीच्या बुडात दुसरीची मान, तुमचे वडील ठेवायचे तशा. गाळ बुचावर आहे. अशा त्या वर्षानुवर्षं राहतात. काही बिघडत नाही, कोणाला घाई नाही.

आईंचं तसं नाही.

त्या सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसल्या आहेत. मी त्यांना म्हटलं, "आई, आत या, वारा आहे." त्या म्हणाल्या, "गाळ उतरला ना?" मी म्हटलं, "उतरला." "मग येईलच," म्हणाल्या. माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मला तारीख ठाऊक आहे. मी तुम्हाला न विचारता तुमच्या नावाने शब्द दिला होता. तो पाळणं माझ्या हातात नाही. आजवरच्या एकाही पत्रात मी तुम्हाला हे लिहिलं नाही, आता लिहिते. या.

यंत्र विकणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. ते बरं काम करतं. पण तुम्ही इथे असाल तोवर दुपारी बंद ठेवीन. दुपारी तळघरात आई असतात आणि त्यांना त्याचा आवाज आवडत नाही.

त्या तीन रांगा हाताने उघडायच्या. बाटली खाली धरून वर आणता आणता नेमक्या क्षणी बूच उडवायचं, गाळ तेवढा बाहेर आणि वाइन आत, हे या घरात तुम्हालाच येतं. मी एकदा करून पाहिलं तेव्हा निम्मी बाटली छताला गेली होती आणि तुम्ही जमिनीवर बसून हसला होतात. आईंना समोर बसवू, त्यांच्या तिपाईवर. त्या रांगांची साखर तुम्ही ठरवा. पहिला पेला उंटाला द्या, स्वतःच्या हाताने. तो काही म्हणणार नाही, पण द्या.

येताना जुने कपडे आणा. हाताचा सराव सुटला असेल, पहिल्या काही बाटल्या अंगावर येणारच. या वेळी हसायची पाळी माझी.

वहिनी